ऊन, उजेड आणि वीज : सौरविजेविषयी काही गैरसमजुती

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र संमेलनातील भाषण)



मराठी भाषेत 'ऊन' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. अंगणात पडते तेही ऊन आणि ताटात वाढलेला भातही ऊन. सूर्यापासून येणारा उजेड आणि त्याच्याबरोबर येणारी ऊब या दोन वस्तूंना लोकव्यवहाराने एकच नाव देऊन टाकले, आणि शतकानुशतके त्यावाचून कोणाचे काही अडले नाही. पापड-कुरडया वाळत घालणाऱ्या गृहिणीला उजेड निराळा आणि ऊब निराळी करण्याचे कारणच पडत नाही. परंतु घरांच्या छपरांवर सौरविजेची पॅनेले चढू लागली तेव्हापासून या एका शब्दातील दोन अर्थ वेगळे करणे अगत्याचे झाले आहे. सौरविजेविषयी खेडोपाडी ज्या समजुती ऐकू येतात, त्यांपैकी कित्येकांचे मूळ याच एका शब्दात आहे.

हा विषय शिक्षकांपुढे ठेवण्याचे कारण उघड आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने घरगुती सौरविजेसाठी 'प्रधानमंत्री सूर्यघर : मोफत वीज योजना' सुरू केली. १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये, असे अनुदान तीत ठरविण्यात आले. तेव्हापासून माहितीपत्रके, दरपत्रके आणि कर्जाचे अर्ज गावोगाव पोहोचले आहेत. अनुदान वजा जाता उरलेली रक्कम सामान्य कुटुंबाला बहुधा कर्ज काढूनच उभी करावी लागते. असा कागद हाती आला की सही करण्यापूर्वी घरातील कोणीतरी तो घेऊन गुरुजींकडे किंवा बाईंकडे येतो आणि विचारतो, "हे खरे आहे काय?" त्या प्रश्नाला शिक्षक जे उत्तर देईल त्यावर एका घराची पुढील काही वर्षांची शिल्लक अवलंबून असते. तेव्हा उत्तर नेमके असावे.

सर्वांत खोल रुजलेली समजूत अशी की, ऊन जितके कडक तितकी वीज अधिक. ही समजूत निर्बुद्धपणाची मुळीच नाही. पुष्कळ घरांनी 'सोलर' म्हणून पहिल्यांदा पाहिला तो सौरबंब, आणि सौरबंबात खरोखरच उष्णता पकडली जाते. काळ्या रंगाच्या नळ्या तापतात, त्यांतील पाणी तापते, तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते. पॅनेलाचे काम अगदी निराळे आहे. त्यात पाणी नाही, वाफ नाही, फिरणारे चाकही नाही. सिलिकॉन नावाच्या अर्धवाहक पदार्थाच्या पातळ चकत्या काचेखाली ओळीने बसविलेल्या असतात, त्यांना सौर घट म्हणतात. प्रकाश त्यांवर पडला की सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन जागचे सुटतात, आणि घटाची रचना अशी केलेली असते की सुटलेले इलेक्ट्रॉन एकाच दिशेने वाहू लागावेत. वाहणारे इलेक्ट्रॉन म्हणजेच वीज. येथे कामास येतो तो उजेड, ऊब नव्हे.

प्रकाशापासून सरळ वीज मिळू शकते हे फ्रान्समधील एडमंड बेकरेल याने १८३९ साली दाखविले. त्या वेळी त्याचे वय १९ वर्षांचे होते. पुढे शंभराहून अधिक वर्षे ही गोष्ट प्रयोगशाळेतील कुतूहल म्हणूनच राहिली. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा व्यवहारोपयोगी घट तयार केला. अंगावर पडणाऱ्या प्रकाशशक्तीपैकी सुमारे ६ टक्के शक्तीची तो वीज करीत असे. आज बाजारात मिळणारी चांगली पॅनेले २० ते २३ टक्क्यांपर्यंत पोहोचली आहेत. १९५८ साली व्हॅनगार्ड-१ या उपग्रहावर असे घट बसवून अवकाशात पाठविण्यात आले आणि तेथे त्यांनी कित्येक वर्षे काम केले.

उष्णता पॅनेलाच्या कामास येत नाही एवढेच नव्हे, तर ती त्याला मारक आहे. पॅनेलावर जो आकडा छापलेला असतो, समजा ५४० वॉट, तो घटांचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेला असतो. त्यापुढे तापमान एका अंशाने वाढले की उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्याने उतरते. वैशाखातल्या दुपारी जळगाव-अकोल्याकडे छपरावरील पॅनेल सहज ७० अंशांपर्यंत तापते. म्हणजे ४५ अंश अधिक. दर अंशाला ०.३५ टक्का धरला तर घट झाली १५.७५ टक्के, आणि ५४० वॉटचे पॅनेल ४५५ वॉटवर आले. सातवीच्या वर्गाला शेकडेवारीचे एवढे चांगले उदाहरण पुस्तकात शोधूनही सापडणार नाही. उन्हाळ्यात एकंदर उत्पादन चांगले येते हे खरे. परंतु ते दिवस मोठा आणि आकाश निरभ्र असते म्हणून येते, उष्म्यामुळे नव्हे. लडाखसारख्या थंड प्रदेशात सौरवीज उत्तम मिळते, ती स्वच्छ उजेड आणि गार हवा या दोहोंच्या योगाने.

ही गोष्ट वर्गात पडताळून पाहता येते. लहानसे पॅनेल आणि साधा मल्टिमीटर एवढेच साहित्य पुरे. सावलीत गार झालेले पॅनेल दुपारच्या उन्हात आणून ठेवताच त्याचा व्होल्टेज मोजावा आणि अर्ध्या तासाने, ते चांगले तापल्यावर, तेथेच पुन्हा मोजावा. दुसरा आकडा कमी भरतो. मुलांना आधी अंदाज विचारून मग मोजायला लावल्यास तास रंगतो, कारण अंदाज बहुतेक उलटाच असतो. तापलेल्या पॅनेलावर गार पाणी ओतून मात्र कोणी प्रयोग करू नये. काच तडकण्याचा संभव असतो.

उजेड आणि ऊब यांची फारकत झाली की ढगाळ दिवसाविषयीचा घोळही आपोआप सुटतो. ढग आले म्हणजे वीज बंद, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ढगांतून झिरपणाऱ्या उजेडावरही पॅनेल काम करते, मात्र कमी. विरळ ढगांत थोडी घट होते, आणि आभाळ गच्च भरून आले तर उत्पादन पाव हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली येते. जर्मनी हा आपल्या मानाने कितीतरी मंद उन्हाचा देश. तरीही २०२४ अखेर तेथील सौरविजेची क्षमता १०० गिगावॉटच्या जवळ पोहोचली होती. भारताने १०० गिगावॉटचा टप्पा जानेवारी २०२५ मध्ये ओलांडला. तेव्हा पावसाळ्यात सौरवीज निरुपयोगी ठरते असे म्हणणे बरोबर नाही, आणि पावसाळ्याची घट हिशेबात न धरता बारमाही एकच आकडा सांगणाऱ्या विक्रेत्याचेही खरे मानू नये.

ढगापेक्षा घातक असते ती सावली. घट एकापुढे एक असे साखळीने जोडलेले असतात. पाण्याचा पाइप एके ठिकाणी पायाखाली दाबला गेला तर पुढे सर्वत्रच धार बारीक होते, त्याप्रमाणे काही घटांवर पडलेली पिंपळाच्या फांदीची किंवा पाण्याच्या टाकीची सावली साऱ्या ओळीचे उत्पादन ओढून खाली आणते. म्हणून जागा निवडताना सकाळी ९ पासून दुपारी ३ पर्यंत तेथे सावली कोठून कोठे सरकते हे पाहणे आवश्यक असते. आणि हे एका दिवसात समजत नाही. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे येथे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, व त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात तो मध्यान्ही किंचित उत्तरेकडे असतो. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे इतका झुकतो की मे महिन्यात निरुपद्रवी दिसलेली शेजारची भिंत डिसेंबरात छप्पर झाकून टाकते. पॅनेले दक्षिणेकडे तोंड करून बसवितात ते याच कारणाने. शाळेच्या पटांगणात काठी रोवून वर्षभर सावली मोजणाऱ्या मुलांना हे कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

यानंतरची गैरसमजूत आकड्यांची आहे, आणि पैशाचे नुकसान बहुधा तिच्यामुळेच होते. किलोवॉट आणि युनिट या दोन शब्दांची लोक सर्रास गल्लत करतात. किलोवॉट म्हणजे शक्ती, नळाच्या धारेची जाडी. युनिट म्हणजे त्या धारेने भरलेल्या घागरी. १००० वॉटचा हीटर एक तास चालला की एक युनिट वीज खर्च होते. १ किलोवॉटची पॅनेले आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट देतात. ज्या घराचे बिल महिन्याला ९० युनिटचे आहे त्याला दिवसाकाठी ३ युनिट लागतात. म्हणजे १ किलोवॉट त्याला पुरून उरतो. तरीही अशा घरापुढे ३ किलोवॉटचे दरपत्रक ठेवले जाते, कारण अनुदानाचा ७८ हजारांचा आकडा मोठा दिसतो. अनुदान मोठे दिसले तरी कर्जही त्याच प्रमाणात मोठे होते, हे घरच्या माणसाला कागदावर मांडून दाखविले पाहिजे. मागील बारा महिन्यांची वीजबिले घेऊन यावयास सांगणे, हाच या बाबतीत शिक्षकाचा पहिला सल्ला असावा.

'३०० युनिट मोफत' या शब्दांचाही असाच विपर्यास झालेला आढळतो. शासन दरमहा ३०० युनिट वीज घरी आणून देणार, असे त्याचे अर्थ लावणारे भेटतात. ३ किलोवॉटची पॅनेले दिवसाला १२ याप्रमाणे महिन्याला सुमारे ३६० युनिट निर्माण करू शकतात, आणि ही स्वतःच्या छपरावर तयार झालेली वीज बिलातून वजा होते, इतकाच त्याचा भावार्थ. बिल शून्यावर येईल असे जे सांगतात तेही अर्धसत्य आहे. बिलात स्थिर आकार नावाची एक रक्कम असते. ती वापर कितीही घटला तरी भरावी लागते.

आता ज्या गैरसमजुतीवरून सर्वांत अधिक भांडणे होतात, तिच्याकडे वळू. पॅनेले बसली, मीटर बदलला, घरात पेढे वाटले गेले. चार दिवसांनी भर दुपारी लाइट गेली आणि छपरावर लख्ख ऊन असताना घरातला पंखाही थांबला. घरधनी संतापतो, फसवणूक झाली म्हणतो, आणि शेजारची दोन कुटुंबे आपला विचार रहित करतात. वास्तविक येथे कोणतेही यंत्र बिघडलेले नसते. ते जसे वागावयास हवे तसेच वागलेले असते.

घरगुती सौरवीज बहुधा वाहिनीला जोडलेली असते. पॅनेलातून येणारी वीज इन्व्हर्टरमध्ये जाते, तेथे तिचे घरात चालणाऱ्या विजेत रूपांतर होते, आणि घराला लागून उरलेली वीज बाहेरच्या तारांत जाते. आता समजा, गावच्या डीपीवर बिघाड झाला. वायरमन फ्यूज काढून खांबावर चढला आहे. तारांत वीज नाही या भरवशावर त्याने तारेला हात घातला आहे. त्याच वेळी एखाद्या छपरावरील वीज घरातून बाहेर तारांत वाहत राहिली तर? ती डीपीच्या रोहित्रातून उलट दिशेनेही जाऊ शकते, आणि घरातले २३० व्होल्ट पलीकडच्या बाजूस ११ हजार व्होल्ट होऊन उभे राहतात. हा अपघात टळावा म्हणून बाहेरची वीज गेल्याचे समजताच फार तर दोन सेकंदांत इन्व्हर्टरने आपले काम थांबवावे, अशी योजना त्यात केलेली असते. दुपारच्या उन्हात पंखा थांबला त्याचे कारण हे. एखादा हुशार गृहस्थ ही योजना चुकवून घरात वीज चालू ठेवण्याची युक्ती शोधू लागला, तर खांबावरील माणूस बहुधा त्याच गावचा आणि त्याची मुले बहुधा त्याच शाळेत असतात, याची त्याला आठवण द्यावी.

म्हणजे पॅनेल वीज निर्माण करते, ती साठवीत नाही. साठवण हे बॅटरीचे काम, आणि बॅटरीचा खर्च वेगळा. बिल कमी करणे आणि अंधार टाळणे हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. भारनियमनाचा त्रास असलेल्या घराने बॅटरीवर चालू शकणारा इन्व्हर्टर आधीच मागून घ्यावा, किंवा आपली गरज आधी मोजावी. ९ वॉटचे दोन दिवे आणि ७५ वॉटचा एक पंखा मिळून ९३ वॉट. चार तास लाइट नसली तरी खर्च होतो ३७२ वॉट-तास, म्हणजे पाऊण युनिटाचा निम्मा भाग. एवढ्यासाठी पुष्कळ घरांत आधीपासून असलेली साधी बॅटरी पुरते. लाखांच्या गोष्टीचा निर्णय अशा लहान गुणाकाराने होतो, आणि तो गुणाकार कोणी करीत नाही.

व्यावसायिकांत याच्या उलट समजूत प्रचलित आहे. घरातले दिवे-पंखे सौरविजेवर चालतील, पण पिठाची गिरणी कशी चालावी, असा त्यांचा प्रश्न असतो. १० अश्वशक्तीची मोटार म्हणजे सुमारे साडेसात किलोवॉट. ती पूर्ण भाराने दिवसाला चार तास चालली तर ३० युनिट लागतात, आणि साडेसात किलोवॉटची पॅनेले सरासरीने तितकीच वीज देतात. मोटार सुरू होताना जो जादा झटका बसतो तो वाहिनी सोसते. जागा मात्र ७५ चौरस मीटरच्या आसपास हवी. खरे पाहता गिरणी, दुकान, शीतगृह यांचे काम दिवसा चालते, म्हणून वीज जेथे निर्माण होते तेथेच त्या क्षणी खर्च होते. घरात दिवसा कुलूप आणि सायंकाळी दिवे, असा प्रकार तेथे नाही. व्यावसायिकाला सौरवीज घरापेक्षाही अधिक मानवते असे म्हणण्यास हरकत नाही. त्याने एवढे ध्यानी धरावे की वर सांगितलेले अनुदान घरांसाठी आहे, दुकानांसाठी किंवा गिरण्यांसाठी नाही.

शेतकऱ्याच्या सौरपंपाला बॅटरी नसते आणि तो रात्री चालत नाही, ही त्याविषयीची नेहमीची तक्रार. परंतु रात्रीच्या पाळीला पाणी द्यावयास जाताना विंचू-काट्याची, सापाची आणि आता कित्येक तालुक्यांत बिबट्याचीही धास्ती बाळगणाऱ्या माणसाला दिवसाचे पाणी किती मोलाचे, हे खेड्यात सांगावे लागत नाही. दिवसा शेततळ्यात किंवा टाकीत चढविलेले पाणी हीच त्या पंपाची साठवण होय.

उरलेल्या समजुती थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. पॅनेल तयार करण्यास जितकी ऊर्जा लागते तितकी ते जन्मभरात परत देत नाही, असे कोणी कोणी विद्वत्तेने सांगतात. आपल्याकडील उन्हात ते ही ऊर्जा एक-दोन वर्षांत फेडते आणि त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे काम करते, दरवर्षी अर्ध्या-पाऊण टक्क्याने क्षीण होत. गारपिटीने काच फुटेल ही भीती निराधार नाही, पण मान्यताप्राप्त पॅनेलाच्या चाचणीत त्यावर २५ मिलिमीटर व्यासाचे बर्फाचे गोळे सेकंदाला २३ मीटर वेगाने मारून पाहतात. त्याहून मोठ्या गारेची, अथवा कोकणातील वानरांची, हमी कोणी देत नाही. पॅनेल आकाशातील वीज ओढून घेते हेही खरे नाही. परंतु छपरावर लोखंडी सांगाडा उभा राहिला की तडितरक्षक आणि अर्थिंग हवेच. त्यांत काटकसर करणाऱ्या कंत्राटदाराला तेथेच थांबवावे.

पॅनेलाची देखभाल लागत नाही ही समजूत मात्र शाळांनाही महाग पडते. दिवाळीनंतर पाऊस थांबतो, वीटभट्ट्या पेटतात, उसाच्या पाचटाची राख उडते, आणि पॅनेलावर धुळीचा थर बसत जातो. सकाळी लवकर किंवा सायंकाळी साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने तो पुसणे, एवढेच काम असते. परंतु ते कोणाचे हे ठरलेले नसते. जेथे बॅटऱ्या जुन्या पद्धतीच्या आहेत तेथे त्यांत वेळच्या वेळी शुद्ध पाणी न घातल्याने साराच संच बंद पडतो, आणि मग गावात बोलले जाते की सोलर काही टिकत नाही. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून पुढे आली. एखादे सबंध गाव छपरावरील विजेवर येऊ शकते हे तेथे दिसले आहे. एका शाळेचे चार वर्ग आणि एक संगणक त्यावर चालणे मुळीच अवघड नाही.

शाळेची वीज दिवसा लागते, ही सोयीची गोष्ट. ज्या शाळांवर पॅनेले आहेत त्यांनी रोज सकाळी शाळा भरताना आणि सुटताना मीटरवरील आकडा एका विद्यार्थ्याकडून वहीत लिहवून घ्यावा; आठवड्याची सरासरी फळ्यावर मांडावी. आभाळ स्वच्छ असूनही आकडा उतरू लागला तर प्रथम धूळ पाहावी, मग सावली, आणि मगच दुरुस्तीवाल्याला फोन करावा. छपरावर मुलांना चढवू नये. उन्हाळी सुट्टीत ऊन भरपूर, धूळही भरपूर, आणि शाळेला कुलूप. तेव्हा त्या दीड महिन्यात पॅनेले कोणी पुसावयाची व जिन्याची किल्ली कोणाकडे राहावयाची, हे सुट्टी लागण्यापूर्वीच शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठरवून नोंदवहीत लिहून ठेवावे.